शेण, गूळ आणि फिनॉल

जव्हारकडच्या डोंगरांतून उतरणारी सूर्या नदी धामणीच्या धरणात अडते आणि तिथून सुटली की कासा-चारोटीच्या शिवारांतून, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या पुलाखालून पालघरच्या दिशेने निघते. या पाण्यावर डहाणू-पालघरच्या भातखाचरांचा हक्क आहे, वसई-विरारच्या नळांचा आहे आणि बोईसरला असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीचाही आहे. कासा गावाजवळून जाताना जे नदीचं पाणी असतं, ते औषधं, रंग, रसायनं आणि कापडाच्या कारखान्यांतून फिरून निघालं की त्यात फिनॉल येतं, अ‍ॅनिलिन येतं, टोल्युइनसारखे द्रावक येतात, न चढलेला रंग येतो आणि भरपूर मीठ येतं. मग ते सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथून नळाने नवापूरच्या समुद्रात.

मधल्या त्या केंद्रात नेमकं काय होतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. मोठाले पंप, निळ्या रंगाचे पाइप, घोंघावणारे ब्लोअर बघून वाटतं की ही सगळी यंत्रांची करामत. पण पंप पाणी ढकलतात आणि ब्लोअर हवा फुंकतात, एवढंच. विरघळलेलं सेंद्रिय विष मोडण्याचं काम त्या तपकिरी, फेसाळ टाकीतले जिवाणू करतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये ही पद्धत मांडली. शंभर वर्षांत यंत्रं बदलली, नियंत्रणं संगणकावर आली, पण कामकरी तेच राहिले.

जिवाणूंना हे जमतं कसं? कारखान्यातलं रसायन म्हणजे निसर्गाच्या बाहेरची चीज, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा. फिनॉल, बेंझिन, टोल्युइन या साऱ्यांच्या पोटात सहा कार्बन अणूंचं एक कडं असतं. तशीच कडी सागाच्या, ऐनाच्या, खैराच्या लाकडातल्या लिग्निनमध्ये असतात. डहाणूच्या जंगलात पडलेलं खोड आधी बुरशी फोडते आणि सुटलेले तुकडे मातीतले जिवाणू खातात. हा उद्योग कोट्यवधी वर्षं चालू आहे. त्यामुळे फिनॉल समोर आलं की स्यूडोमोनास कुळातल्या जिवाणूंना अगदी नवं काही शिकावं लागत नाही. त्यांच्याकडचं एक विकर (म्हणजे एन्झाइम) त्या कड्याला ऑक्सिजन जोडतं, फिनॉलचं कॅटेकॉल होतं. दुसरं विकर ते कडंच फोडतं. कडं फुटून सरळ साखळी झाली की पुढचं काम सोपं. पेशीत साखर जिथे जळते, तिथेच हे तुकडेही जळतात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि बराचसा कार्बन वापरून तयार झालेले आणखी जिवाणू.

यात जिवाणूंचा परोपकार काही नाही, ते जेवतात. आणि जेवणाऱ्याच्या अटी असतात. ऑक्सिजन हवा, नायट्रोजन-फॉस्फरस हवा, पाणी फार आम्ल किंवा फार अल्कधर्मी नको, ताट एकदम फार भरलेलं नको. सगळं रामायण या अटींचं आहे.

नवी टाकी सुरू करताना हे फार छान दिसतं. कुठल्याही प्रक्रिया केंद्रातल्या जुन्या ऑपरेटरला विचारा, तो सांगेल की पहिल्या दिवशी टाकीत शेण कालवतात. ताजं शेण पाण्यात घोळून, गाळून ओततात. सोबत गूळ, युरिया आणि डीएपी. गूळ हे सुरुवातीचं खाणं. युरियातून नायट्रोजन, डीएपीतून फॉस्फरस. सेंद्रिय भाराच्या प्रत्येक शंभर भागांमागे पाच भाग नायट्रोजन आणि एक भाग फॉस्फरस, असं ढोबळ प्रमाण धरतात, कारण रासायनिक सांडपाण्यात कार्बन रग्गड असतो आणि या दोघांचा दुष्काळ. पाठ्यपुस्तकवाले शेणाला नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेणातले बहुतेक जिवाणू गाईच्या पोटातले, हवेत न टिकणारे. चालू केंद्रातला जिवंत गाळ टँकरने आणून ओतणं केव्हाही चांगलं. पण तसा गाळ देणारं केंद्र जवळपास नसेल तर शेण चालतं. त्यात थोडे का होईना हवेत जगणारे असतात, आणि वाढायला तेवढे पुरतात.

मग कारखान्याचं पाणी सोडायला लागायचं, पण थोडं थोडं. गूळ कमी करत जायचा, सांडपाणी वाढवत न्यायचं. ज्यांना फिनॉल पचत नाही ते मरतात, ज्यांना पचतं ते वाढतात. काही आठवड्यांनी टाकीत जी वस्ती उरते ती त्या विशिष्ट पाण्यावर पोसलेली असते. म्हणून औषध कारखान्याच्या टाकीतला गाळ कापड कारखान्याच्या टाकीत टाकला तर लगेच कामाला लागेलच असं नाही. घाईने सांडपाणी सोडलं तर सगळेच मरतात, आणि पुन्हा शेणापासून सुरुवात.

वस्ती धडधाकट आहे की नाही हे ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये भरतात आणि अर्धा तास हलवत नाहीत. गाळ निरोगी असेल तर तपकिरी पुंजके बनून खाली बसतो, दोनशे-तीनशे मिलिलिटरपाशी थांबतो आणि वर नितळ पाणी दिसतं. आठशेवर अडकून राहिला तर धाग्यासारखे जिवाणू माजलेत. खाली बसला पण वरचं पाणी गढूळ राहिलं तर पुंजके मोडलेत, कुणीतरी काहीतरी भलतंच सोडलं असावं. चांगल्या गाळाला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा आला तर ब्लोअर बंद पडला होता हे समजावं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर देठावर डोलणाऱ्या घंटेसारखे व्हॉर्टिसेला दिसतात. ते जिवाणू नव्हेत, जिवाणू खाऊन जगणारे आदिजीव. पाण्यात विष आलं की आधी यांचं डोलणं थांबतं. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आत अनुभवी ऑपरेटरला एवढ्यावरून अंदाज आलेला असतो.

तारापूरला काय बिघडलं, ते इथवर वाचलेल्या माणसाला सहज समजेल. तिथलं जुनं सामायिक केंद्र दिवसाला २५ दशलक्ष लिटर पाण्यासाठी होतं. पाणी त्याहून जास्त येत राहिलं. टाकीची लांबीरुंदी ठरलेली, त्यामुळे पाणी जास्त आलं की त्याचा टाकीतला मुक्काम कमी होतो. जिवाणूंचं जेवण आटोपायच्या आतच पाणी बाहेर. दुसरी अडचण, येणारं पाणी रोज सारखं नसतं. एका कारखान्याने रात्री आम्ल सोडलं, दुसऱ्याने खारट पाण्याची टाकी रिकामी केली, तर पहाटे पोचणाऱ्या त्या लोंढ्याला कारखान्यांच्या भाषेत ‘शॉक लोड’ म्हणतात. मीठ एकदम वाढलं की पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. आम्लाने विकरंच निकामी होतात. एका रात्रीत मेलेली वस्ती पुन्हा उभी राहायला आठवडे लागतात, आणि तेवढे आठवडे कारखाने काही बंद राहत नाहीत. प्रक्रियेआधी सगळ्यांचं पाणी एकत्र मिसळून सारखं करणारी टाकी असते ती याचसाठी, पण तिचीही मर्यादा आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं. हे गुण जितके जास्त तितकी परिस्थिती वाईट. खाडीत आणि किनाऱ्यावर मासळी कमी झाल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद न्यायालयात गेली होती. ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरच्या आसपास कारखाने आणि सामायिक केंद्र यांच्यावर कोट्यवधी रुपयांची पर्यावरणीय भरपाई लावली. ५० दशलक्ष लिटरचं नवं केंद्रही उभं राहिलं. क्षमता वाढली हे चांगलंच. पण मोठ्या टाकीतले जिवाणूसुद्धा रात्रीच्या लोंढ्याने मरतात.

इथे दोन आकड्यांविषयी बोलायला हवं, कारण वर्तमानपत्रांत ते येतात आणि वाचक पुढे जातो. बीओडी म्हणजे बाटलीतल्या पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य खाताना जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. सीओडी म्हणजे तेच द्रव्य जिवाणूंऐवजी जहाल रसायनाने जाळलं तर लागणारा ऑक्सिजन. थोडक्यात, सीओडी म्हणजे ताटात वाढलेलं आणि बीओडी म्हणजे त्यातलं खाल्लं गेलेलं. नदीनाल्यांत सोडायच्या पाण्याला बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम आणि सीओडी २५० ही मर्यादा आहे. समुद्रात सोडायचं तर बीओडी १०० पर्यंत चालतो. आता गंमत बघा. पाणी फारच विषारी असेल तर चाचणीच्या बाटलीतले जिवाणूच मरतात आणि बीओडी छान कमी येतो. म्हणून नुसता बीओडी दाखवून कुणी पाठ थोपटून घेत असेल तर सीओडी विचारावा. याहून सरळ एक निकष आपल्याच नियमांत आहे, त्याची चर्चा क्वचित होते: प्रक्रिया केलेल्या पाण्यात, त्यात साधं पाणी न मिसळता, ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी नव्वद टक्के जगले पाहिजेत. नवापूर-सातपाटीच्या मच्छीमाराला हा निकष समजावून सांगावा लागणार नाही.

सगळीच रसायनं फिनॉलसारखी सरळ नसतात. कापडाला लागणाऱ्या अ‍ॅझो रंगांचं उदाहरण घ्या. रंगाचा जोड तुटायला ऑक्सिजन नसलेली जागा लागते. तिथले जिवाणू तो तोडतात आणि पाण्याचा रंग जातो. बघणारा खूश होतो. पण तुटून जे निघतं ती अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स असतात, त्यांतली काही मूळ रंगाहून घातक. त्यांचा निकाल लावायला पुन्हा हवा लागते, वेगळी टाकी, वेगळे जिवाणू. रंग उडाला म्हणजे पाणी शुद्ध झालं, हा समज म्हणूनच महागात पडतो. कपडे आणि यंत्रांचे भाग धुण्यासाठी वापरलेल्या क्लोरिनयुक्त द्रावकांचं तर याहून अवघड. डिहॅलोकॉकॉइड्स नावाचे जिवाणू त्यांतला क्लोरिन एकेक करून काढतात, शेवटी निरुपद्रवी इथीन उरतं. मात्र शेवटून दुसऱ्या पायरीवर व्हायनिल क्लोराइड तयार होतं, जे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. जिवाणू त्या पायरीवर अडले तर जमिनीखालचं पाणी आधीपेक्षा वाईट अवस्थेत राहतं.

आणि धातू तर मोडतच नाहीत. क्रोमियम हा अणूच आहे, त्याला खाऊन संपवणार कोण? जिवाणू फार तर त्याचं रूप बदलतात. सहा संयुजेचा क्रोमियम पाण्यात सहज विरघळतो आणि विषारी असतो. काही जिवाणू त्याचा तीन संयुजेचा करतात, जो साका होऊन खाली बसतो. शिसं, जस्त, कॅडमियम यांचे सल्फाइड बनवून बसवणारे जिवाणूही आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या श्री कुमार आपटे यांच्या गटाने डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या प्रचंड किरणोत्सर्ग सोसणाऱ्या जिवाणूत एक बाहेरचं जनुक घालून त्याच्याकडून पातळ द्रावणातलं युरेनियम बसवून घेतलं. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. बसलेला धातू मात्र गाळात असतो, गेलेला नसतो, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून तळोज्यासारख्या ठिकाणी अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरावा लागतो. वाटेत कुणी तो माळावर ओतला तर पुढच्या पावसात सगळी मेहनत पाण्यात.

जनुकं बदललेल्या जिवाणूंचा विषय निघाला की आनंद मोहन चक्रवर्ती यांचं नाव घ्यावंच लागतं. बंगालमधल्या सैंथियाचा हा शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करत होता. कच्च्या तेलातले वेगवेगळे घटक खाण्याची क्षमता वेगवेगळ्या स्यूडोमोनासमध्ये विखुरलेली होती. चक्रवर्तींनी ती एकाच जिवाणूत आणली आणि १९७२ मध्ये पेटंटचा अर्ज केला. सजीवावर पेटंट देता येतं का, यावर खटला चालला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल दिला. जैवतंत्रज्ञानाच्या कायद्याचा पाया त्या निकालाने घातला. जिवाणू मात्र प्रत्यक्ष समुद्रातल्या तेलावर कधी सोडलाच गेला नाही.

प्रत्यक्षात उपयोगी पडले ते साधे, निसर्गातूनच निवडलेले जिवाणू. दिल्लीच्या टेरी संस्थेने अशा पाच जिवाणूंचं मिश्रण तयार केलं, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या पुडीवर ते बसवलं आणि त्याला ऑइलझॅपर नाव दिलं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर ते वापरलं गेलं. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजाच्या तेलाने किनारे माखले, तेव्हा तर बाहेरचे जिवाणू आणण्याऐवजी किनाऱ्यावर नायट्रोजन-फॉस्फरसचं खत टाकून तिथल्याच जिवाणूंना जोर दिला होता.

हे सांगायचं कारण, हल्ली डब्यात भरलेली ‘कल्चर’ पावडर विकणारे पुष्कळ झालेत. नाल्यात टाका, टाकीत टाका, वास जाईल, सीओडी उतरेल. काही ठिकाणी फरक पडतो हे खरं. पण जिथे हवा कमी, मीठ जास्त आणि रात्री आम्लाचा लोंढा, तिथे डब्यातले जिवाणूही टाकीतल्यांच्याच वाटेने जाणार. माझं मत विचाराल तर तो पैसा ब्लोअरच्या विजेवर आणि मिसळण टाकीवर खर्च केलेला बरा.

कासा, डहाणू, तलासरी या पट्ट्याचा संबंध मात्र टाकीपेक्षा मातीशी जास्त येतो. उत्तरेला वापी, दक्षिणेला तारापूर, आणि तरी डहाणू तालुक्यात रसायनांची वसाहत नाही, याला एक कागद कारण आहे. २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि अतिप्रदूषक उद्योगांना मनाई केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. रोजगार अडला, अशी तक्रार इथे नेहमी ऐकू येते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण बोईसरला जे निस्तरायला शेकडो कोटी लागतात ते चिकूच्या वाड्यांच्या तालुक्यात निस्तरावं लागलं नाही, हेही हिशेबात धरायला हवं. राहता राहतो महामार्ग. चारोटीवरून दिवसरात्र रसायनांचे टँकर जातात, आणि टँकर उलटतात.

उलटलेला टँकर भाताच्या खाचरात रिकामा झाला तर? इथली माती अशा कामाला अगदीच नवखी नाही. भातासाठी चिखलणी करून पाणी भरलं की वरच्या काही मिलिमीटरमध्येच ऑक्सिजन उरतो, खाली नसतो. रोपाच्या मुळांभोवती मात्र थोडा झिरपतो. म्हणजे हवा लागणारे आणि हवा न लागणारे जिवाणू एका वितीत शेजारी नांदतात, ज्यासाठी कारखान्याला दोन टाक्या बांधाव्या लागतात. मे महिन्यात रोपांच्या वाफ्यावर राब भाजला की वरच्या थरातले बरेचसे जिवाणू जातात, पण पावसानंतर खालून वस्ती पुन्हा वर येते. एकेकाळी गावोगाव धुरळली जाणारी बीएचसी पावडर जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. भारतात ती १९९७ मध्ये बंद झाली. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६६ मध्येच दिसलं होतं की तिच्यातला कीटकनाशक गॅमा घटक पाण्याखालच्या मातीत मोडतो आणि दुसऱ्यांदा टाकला तर आणखी लवकर मोडतो. तिथेच सेतुनाथन आणि योशिदा यांनी भातखाचराच्या पाण्यातून डायाझिनॉन हे कीटकनाशक खाणारा जिवाणू वेगळा काढला आणि १९७३ मध्ये त्याची माहिती छापली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी होती, औषध लागू पडेनासं झालं. आपल्या विषयाच्या दृष्टीने चांगली.

तेव्हा टँकर उलटला तर पहिली गोष्ट, भांडी-डबे घेऊन जवळ जायचं नाही. टँकरवरच्या फलकावर रसायनाचा क्रमांक असतो, तो लांबून वाचून पोलिसांना कळवायचा. अग्निशमन दलाने मातीचा बांध घालून ते ओढ्याकडे, म्हणजे पुढे सूर्येकडे, जाऊ देता कामा नये. डिझेल किंवा तसलं तेल असेल तर माखलेली माती उकरून प्लास्टिकवर थर देऊन पसरतात, ओलावा राखतात, खत घालतात आणि हवा लागावी म्हणून वरचेवर खालीवर करतात. कोकणच्या उबेत जिवाणू जोमाने वाढतात, तरी महिने लागतात, आणि पावसाळ्यात वर छप्पर हवं. क्लोरिनचं द्रावक किंवा धातूचं द्रावण असेल तर हा उपाय चालत नाही. ती माती काढून न्यावीच लागते. त्या खाचरात पुढच्या खरिपाला भात लावायचं की नाही हे वासावरून ठरवू नये. माती तपासून घ्यावी, आणि तपासणीला देताना मूळ रसायनाबरोबर ते मोडून झालेली रसायनंही मोजायला सांगावीत. ती वेगळी मागितल्याशिवाय अहवालात येत नाहीत.